क्लेम करण्याआधी नवी गाडी कुणाच्या नावावर ते ठरवा

पत्र

आमची पेट्रोल गाडी (११९७ सीसी) ह्यांच्या नावावर आहे. नोव्हेंबरअखेर तिला पाच वर्षं पूर्ण होतील. आजवर एकदाही क्लेम केलेला नाही आणि चालू पॉलिसीवर ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळालेला आहे. गेल्या आठवड्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या आमच्या गाडीला एका टेम्पोने रिव्हर्स घेताना मागून ठोकलं. बंपर फाटला, उजवा टेललॅम्प फुटला, मागचा पत्रा आत गेला. टेम्पोवाला गयावया करू लागला, म्हणून फोटो काढून, गाडीचा नंबर घेऊन त्याला जाऊ दिलं. गॅरेजने १५,५०० रुपयांचं एस्टिमेट दिलं आहे. गॅरेजवाले म्हणतात, इन्शुरन्सला टाका, त्यातच डाव्या दारावरचा जुना ओरखडाही काढून देतो. ह्यांचं म्हणणं, बोनस जाईल, त्यापेक्षा खिशातून भरू. एजंट म्हणतात, बिनधास्त क्लेम करा, रिन्यूअलला कंपनी बदलू आणि बोनस आहे तसाच लावून देतो. चूक आमची नसताना आमची सवलत का जावी, हेही मला कळत नाही. दिवाळीत ही गाडी देऊन मोठी गाडी घ्यायची आहे. कर्ज माझ्या पगारावर निघणार असल्याने ती माझ्या नावावर घेऊ. तर काय करावं?

— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर

ताई, तुम्हाला तीन जणांनी तीन सल्ले दिले. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जे जाता जाता लिहून टाकलंत, की नवी गाडी तुमच्या नावावर असणार, त्याबद्दल तिघांपैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तिथपर्यंत जायला थोडा हिशेब करावा लागेल, आणि तुम्ही शिक्षिका आहात तेव्हा आकड्यांना घाबरणार नाही असं धरून चालतो.

आधी तुमची पॉलिसी काढून तिच्यातला हप्त्याचा तक्ता बघा. हप्त्याचे दोन मोठे भाग दिसतील. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा. त्याचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे कंपनी कोणतीही असो, तुमच्या गाडीला तो तेवढाच पडतो. दुसरा ओन डॅमेज, ज्याला सगळे ओडी म्हणतात, तो तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी. नो क्लेम बोनस फक्त या ओडीच्या भागावर मिळतो. '५० टक्के बोनस' म्हणजे इन्शुरन्सचं अर्धं बिल माफ, असं पुष्कळांना वाटतं. तसं ते नाही. थर्ड पार्टीचा एक रुपयाही त्याने कमी होत नाही. याची दुसरी बाजू अशी की गाडीखाली कुणाची सायकल आली आणि फक्त थर्ड पार्टीचा दावा झाला, तर तुमच्या बोनसला धक्का लागत नाही.

बोनसच्या पायऱ्या अशा: एक वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के, सलग दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे वाढत नाही. आणि क्लेम केला की सापशिडीतल्या सापासारखं थेट खाली, शून्यावर. एक-दोन पायऱ्या उतरवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. तीन हजारांचा क्लेम असो की तीन लाखांचा, शिक्षा सारखीच. म्हणूनच छोटे क्लेम महाग पडतात.

आता तुमची तक्रार. चूक टेम्पोवाल्याची आणि सवलत तुमची गेली, हे अन्यायाचं वाटतं, मान्य. पण ही सवलत नीट गाडी चालवल्याबद्दल मिळतच नाही. तुम्ही कंपनीकडे पैसे मागितले नाहीत, एवढ्याचीच ती परतफेड असते. नुकसान कुणामुळे झालं हे तिथे विचारलं जात नाही. तुमच्या पॉलिसीतून तुमच्या गाडीसाठी पैसे निघाले की बोनस गेला.

टेम्पोवाल्याकडून वसूल करायचा कायदेशीर मार्ग आहे. त्याच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं आणि तो दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो. मात्र पंधरा हजारांसाठी वकील, तारखा आणि कागद यांच्या मागे लागा, असं मी कुणाला सांगणार नाही. त्यापेक्षा तुम्ही काढलेले फोटो नीट बघा. टेम्पोच्या केबिनवर किंवा मागच्या फळक्यावर मालकाचा मोबाइल नंबर बहुधा रंगवलेला असतो. फोन करून एस्टिमेट सांगा आणि निम्मे मागा. गयावया करणारा चालक असतो, मालकाला धंदा करायचा असतो. चार-पाच हजार आले तरी पुढचा हिशेब तेवढा हलका होईल. नाही आले तर नाही, म्हणून पुढच्या आकड्यांत मी ते धरलेले नाहीत.

क्लेम केला तर हातात किती पडतात? एस्टिमेट १५,५०० चं आहे म्हणजे कंपनी १५,५०० देईल असं नाही. गॅरेजवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांना त्यांचे पैसे पूर्णच मिळतात, कंपनीकडून थोडे आणि तुमच्याकडून थोडे. तुम्ही एस्टिमेटची फोड पाठवली नाहीत, म्हणून असल्या कामाची साधारण फोड मी धरतो: बंपर ४,२००, टेललॅम्प ३,८००, रंगकाम ५,००० आणि पत्रा ठोकून सरळ करण्याची मजुरी २,५००.

प्लास्टिकच्या भागांवर कंपनी ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापते, गाडी कितीही नवी असली तरी. रबर, टायर, बॅटरी यांनाही तोच नियम. बंपरचे २,१०० आणि लॅम्पचे १,९०० तिथेच गेले. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा साहित्याचा मानतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे आणखी ६२५. मजुरीवर घसारा नाही. पत्रा बदलायचा असता तर तुमच्या गाडीच्या वयाला त्यावर ३५ टक्के गेले असते, पण तो ठोकून सरळ होतोय. काच असती तर काहीच कापलं गेलं नसतं. शेवटी प्रत्येक क्लेममधून सक्तीने वजा होणारे १,००० रुपये (१५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००). एकूण कपात ५,६२५. कंपनी देणार ९,८७५.

'झिरो डेप' हे जादा कव्हर घेतलं असेल तर घसाऱ्याची कपात होत नाही आणि १४,५०० मिळतील. पण गाडी जुनी होत गेली की हे कव्हर घ्यायचं राहून जातं, शिवाय वर्षातून किती वेळा वापरता येईल यालाही बहुतेक कंपन्यांची मर्यादा असते. पॉलिसीत 'ॲड-ऑन'च्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. तिथेच बोनस वाचवणारं 'एनसीबी प्रोटेक्ट' दिसलं तर पुढचा बराचसा लेख तुमच्यासाठी नाही. तरीही ते किती क्लेमपर्यंत चालतं आणि कंपनी बदलली किंवा गाडी विकली तर टिकतं का, हे कंपनीला लेखी विचारून घ्या.

आता जातं किती ते बघू. क्षणभर धरा की तुम्ही गाडी बदलणार नाही आणि पुढच्या वर्षी तिचा बोनसशिवायचा ओडी हप्ता ९,००० आहे. क्लेम नाही केला तर नोव्हेंबरमध्ये तुम्हाला ५० टक्के सवलत लागते. केला तर शून्य. फरक ४,५००.

बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात आणि फसतात. त्याच्या पुढच्या वर्षी क्लेम न करणाऱ्याला ५० टक्केच असतात, क्लेम केलेल्याला २०. फरक ३० टक्के. मग २५ टक्के, मग १५, मग ५. सहाव्या वर्षी दोघं एका पायरीवर येतात. बेरीज करा: ५०, ३०, २५, १५ आणि ५ मिळून १२५. म्हणजे वरच्या पायरीवरून केलेला एक क्लेम हा एका वर्षाच्या पूर्ण ओडी हप्त्याच्या सव्वापट पडतो, पाच वर्षांत विभागून. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी घटते आणि हप्ताही त्यासोबत उतरतो. ९,००० नंतर ८,३००, ७,६००, ७,००० आणि ६,५०० असे हप्ते धरले तर तुमचं नुकसान १०,२६५ होतं. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून १२,१०० च्या आसपास.

ज्यांचा बोनस अजून खालच्या पायरीवर आहे त्यांच्यासाठी हाच हिशेब वेगळा येतो. येत्या रिन्यूअलला पहिल्यांदाच २० टक्के मिळणार असतील तर क्लेमची किंमत ओडी हप्त्याच्या निम्मी, २५ मिळणार असतील तर ८० टक्के, ३५ मिळणार असतील तर १०५ आणि ४५ मिळणार असतील तर १२० टक्के. म्हणजे नव्या गाडीचा पहिल्या वर्षातला क्लेम स्वस्त आणि जुन्या, इमानदार ग्राहकाचा महाग. अर्थात पुढची पाच वर्षं तुम्ही दुसरा क्लेम करणार नाही हे यात गृहीत आहे. दोन वर्षांनी पुन्हा ठोकली आणि मोठा क्लेम झाला तर बोनस तसाही गेला असता, मग आजच्या क्लेमची किंमत तेवढ्यापुरतीच. आणि एका पॉलिसी वर्षात एक क्लेम झालेला असेल तर त्याच वर्षातल्या दुसऱ्याने बोनस आणखी खाली जात नाही. शून्याच्या खाली पायरीच नाही. वारंवार क्लेम दिसले की कंपनी मूळ हप्ताच वाढवून सांगते, तो भाग वेगळा.

तर तुमची गाडी तुमच्याकडेच राहणार असती तर मिळणार ९,८७५ आणि जाणार १२,१००. तुमचे यजमान बरोबर ठरले असते, दोन-सव्वादोन हजारांनी. झिरो डेप असतं तर हातात १४,५०० आले असते आणि गॅरेजवाले बरोबर ठरले असते. इतकं ते काठावर आहे.

पण तुम्ही गाडी बदलताय. बोनस गाडीचा नसतो, तो माणसाचा असतो. ज्याच्या नावावर पॉलिसी त्याचा. तुमच्या यजमानांनी जुनी गाडी विकली तर त्यांचा बोनस त्यांच्यासोबत नव्या गाडीवर जाऊ शकतो. गाडी घेणाऱ्याला तो मिळत नाही. पण नवी गाडी तुमच्या नावावर असेल तर तो तुम्हालाही मिळणार नाही. घर एक, स्वयंपाकघर एक, पार्किंग एक, हे विमा कंपनी बघत नाही. नवऱ्याचा बोनस बायकोला किंवा वडिलांचा मुलाला फक्त एका परिस्थितीत मिळतो, मूळ विमाधारक वारला आणि तीच गाडी वारसाकडे आली तर. त्याची चर्चा नको.

म्हणून तुमच्यासमोर दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या उलट्या दिशांनी जातात.

नवी गाडी तुमच्याच नावावर घ्यायचं पक्कं असेल तर क्लेम करून टाका. यजमानांचा बोनस जुनी गाडी विकल्यावर तसाही वापराविना पडणार आहे. कंपनी त्यांना बोनस राखून ठेवल्याचं पत्र देते आणि ते तीन वर्षं चालतं, पण तीन वर्षांत ते स्वतःच्या नावावर दुसरी मोटार घेणार नसतील तर त्या पत्राचा उपयोग शून्य. 'ह्यांच्या स्कूटरला लावून घेऊ' असं मनात आलं असेल तर तेही जमत नाही, मोटारीचा बोनस मोटारीलाच. जो बोनस वापरायचाच नाही तो वाचवायला खिशातले १५,५०० घालणं हा या प्रकरणातला सगळ्यात वाईट सौदा आहे. ९,८७५ घ्या, दुरुस्ती करा आणि गाडी विका. मात्र सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला कंपनी पाठवते त्या माणसाने, पाहायच्या आधी गाडी उघडू देऊ नका, आणि जुन्या गाडीचे कागद दुसऱ्याच्या हातात जाण्याआधी क्लेम मिटलेला असू द्या.

नवी गाडी यजमानांच्या नावावर घेता आली तर मात्र क्लेमचा विचार सोडा. मोठ्या गाडीचा ओडी हप्ता मोठा. समजा तो २४,००० आहे. त्यावर ४५ टक्के म्हणजे १०,८०० आणि जीएसटी धरून १२,७४४ रुपये पहिल्याच वर्षी वाचतात. पुढच्या वर्षांत हप्ता २१,५००, १९,५००, १८,००० आणि १६,५०० असा उतरत गेला असं धरलं तर शून्यापासून सुरुवात करणाऱ्याच्या तुलनेत पाच वर्षांत वाचणारी रक्कम जीएसटीसह ३०,००० च्या थोडी वर जाते. त्यापुढे आजचे १५,५०० खिशातून घालणं परवडतं.

दोन्ही वाटांची तुलना केली तर पाच वर्षांत सुमारे वीस हजारांचा फरक पडतो. म्हणजे गाडी तुमच्या नावावर असण्याची किंमत साधारण वर्षाला चार हजार. आता ही रक्कम मोठी की लहान, हे मी ठरवणार नाही. कर्ज तुमच्या पगारातून फिटणार, ईएमआय तुमच्या खात्यातून कापला जाणार, तर आरसीवर नाव तुमचंच हवं असं तुम्हाला वाटत असेल, तर एका सवलतीपायी ते बदलू नका. माझं स्वतःचं मत त्याच बाजूला झुकतं. शिवाय तुमच्या नावावर तुमचा बोनस पहिल्या वर्षापासून जमू लागेल. पण नाव कुणाचंही चालेल आणि कर्जाच्या सोयीसाठीच तुमचं घातलं असेल, तर गाडी यजमानांच्या नावावर आणि कर्जात तुम्ही सहकर्जदार असं चालेल का, एवढं बँकेला विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

यजमानांच्या नावावर ठरलं तर पुढचं काम शोरूममध्ये. दिवाळीच्या गर्दीत तिथली इन्शुरन्सची टेबलं यंत्रासारखी चालतात आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर शून्य बोनसची पॉलिसी छापून हातात मिळते. नंतर फरक परत मिळवायचा म्हणजे हेलपाटे. आधी जुन्या कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या. त्यासाठी जुनी गाडी विकल्याचा पुरावा लागतो: खरेदीदाराच्या सहीचे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, गाडी दिल्याची पावती, आणि काही कंपन्यांना नव्या नावाची आरसीही. एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर डीलरकडून हे कागद बुकिंगच्या दिवशीच मागा. 'मागाहून देतो' म्हणाले तर एक्स्चेंजचा दर कितीही चांगला असू दे, थांबा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन खिशात ठेवून जा. एकच बोनस एका वेळी दोन गाड्यांवर चालत नाही, त्यामुळे 'जुनी विकायला वेळ आहे, नवी आधी घेऊ' हा बेत असेल तर नव्या गाडीला बोनस लागणार नाही हे लक्षात ठेवा.

पत्रावर ४५ टक्के असेल, ५० नाही. पॉलिसीचे बारा महिने पूर्ण झाल्यावर रिन्यूअललाच पुढची पायरी मिळते आणि तुमचे बारा महिने नोव्हेंबरअखेर भरतात. काही जण तेवढ्यासाठी खरेदी डिसेंबरवर ढकलतात. तुमच्या बाबतीत ते पहिल्या वर्षी २४,००० वरचे ५ टक्के, म्हणजे १,२०० रुपये. तेवढ्यासाठी पाडव्याचा मुहूर्त चुकवायचा की नाही हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा, विमा कंपनीला नको.

जाता जाता, परदेशात गाडी चालवून परतलेल्यांसाठी एक गोष्ट. तिथे मिळवलेला बोनस कागद दाखवून इथल्या पॉलिसीवर लावून मागता येतो, तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत. मस्कत-दुबईहून येणारे फर्निचरचे कागद जपून आणतात, हा कागद तिथेच टाकून येतात.

एजंटसाहेबांबद्दल. क्लेम करून कंपनी बदलायची आणि नव्या कंपनीला 'क्लेम नाही' सांगायचं, हा सल्ला देणारे ते पहिले नाहीत. कंपनी बदलताना बोनस हवा असेल तर जुन्या कंपनीचं पत्र किंवा रिन्यूअल नोटीस द्यावी लागते. ते नसेल तर एका प्रतिज्ञेवर सही करतात: मागच्या पॉलिसीत क्लेम नव्हता, आणि हे खोटं निघालं तर पॉलिसीच्या पहिल्या भागाचे सगळे लाभ रद्द. पहिला भाग म्हणजेच ओडी, तुमच्या गाडीचं संपूर्ण संरक्षण. इंडिया मोटर टॅरिफ या मोटार विम्याच्या नियमावलीप्रमाणे नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून खात्री करायची असते. काही वेळा ती तेव्हा करत नाही. ती करते तुम्ही मोठा क्लेम टाकल्यावर, आणि तेव्हा ती सही तुमच्यासमोर ठेवते. अशी भांडणं ग्राहक आयोगांपर्यंत गेली आहेत आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत, पण हजारो रुपये वाचवण्यासाठी लाखोंच्या गाडीचं संरक्षण जुगारावर लावायचं कारण काय? सही एजंटची नसते, तुमची असते. ऑनलाइन घेताना 'मागच्या वर्षी क्लेम केला होता का' या प्रश्नावर केलेलं क्लिक हीसुद्धा सहीच. आणि तुम्ही पहिल्या वाटेने जाणार असाल तर नवी गाडी वेगळ्या नावावर असल्याने हा बोनस सांगायचा प्रश्नच येत नाही.

गॅरेजवाल्यांचं औदार्यही नाकारा. डाव्या दाराचा ओरखडा टेम्पोने मागून ठोकल्याने पडलेला नाही. प्रत्येक घटनेचा क्लेम वेगळा आणि प्रत्येकातून हजार रुपये वेगळे वजा. दोन्ही एकत्र दाखवलं तर सर्व्हेअरच्या डोळ्यांना ते दिसतंच, आणि मग जो खरा क्लेम आहे त्याच्याकडेही तो संशयाने बघायला लागतो.

क्लेम न करण्याच्या वाटेवर १५,५०० पूर्ण खर्च करावेतच का, हाही प्रश्न आहे. गाडी दोन महिन्यांत द्यायची आहे. या पोच्यापोटी किती कापणार ते एक्स्चेंजवाल्याला आधी विचारा. लॅम्प तर बदलावाच लागेल, फुटक्या लॅम्पने रात्री गाडी चालवणं धोक्याचं. बंपर मात्र बाहेरच्या डेंटिंगवाल्याकडून चिकटवून रंगवून पुष्कळ कमी पैशांत होतो. त्यांची कपात खर्चापेक्षा कमी असेल तर बंपर तसाच राहू द्या.

वेळ फार नाही. अपघात कंपनीला लगेच कळवायचा असतो आणि तुमचा आठवडा गेलाच आहे. बँकेशी आजउद्या बोला. क्लेम करायचं ठरलं तर त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर नोंदवा, फोटो आणि टेम्पोचा नंबर द्या. उशीर का झाला ते खरं सांगा, टेम्पोवाल्याशी तडजोडीचा प्रयत्न केलात तर तेही सांगा आणि त्याने काही पैसे दिले असतील तर ते लपवू नका. नोंदवल्यावर मन बदललं आणि पैसे निघायच्या आत लेखी मागे घेतलंत तर बोनस सहसा राहतो, पण 'क्लेम शून्य रकमेवर बंद, बोनस कायम' असं त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. नुसतं फोनवरचं 'हो मॅडम' रिन्यूअलच्या वेळी कुणाला आठवत नाही.

आणि समजा दिवाळीत गाडी विकली गेलीच नाही, तर नोव्हेंबरअखेर जुनी पॉलिसी वेळेवर रिन्यू करा. विकायचीच आहे म्हणून संपू देऊ नका. संपल्यापासून ९० दिवसांच्या आत रिन्यू झाली नाही तर क्लेम न करताही बोनस जातो. आणि मधल्या दिवसांत थर्ड पार्टी विमा नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी दोन हजारांचा दंड आहेच.